वावर गहाण टाकू नको, आधी कात्रणांची फाईल बांध

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी घाटंजी तालुक्यातला. बीए मराठी माध्यमातून, ६३ टक्के. सध्या अमरावतीला पत्रकारितेत एमए करतो, दुसरं वर्ष. अडीच वर्षांपासून एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो. परदेशात जाऊन पत्रकारिता शिकायची आहे. नागपूरचा एक कन्सल्टन्सीवाला म्हणतो, लंडनच्या कॉलेजात महिन्याभरात ॲडमिशन करून देतो, खर्च ३० लाख. बाबा चार एकर वावर ठेवायला तयार आहेत. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतो. जाऊ का? सोबत माझ्या दोन बातम्यांची कात्रणं पाठवली आहेत."

जा. पण या कन्सल्टन्सीच्या हातानं नको, या वर्षी नको, आणि बाबांच्या वावरावर तर मुळीच नको. मी आर्वी तालुक्यातली. चार वर्षं वर्धा जिल्ह्यात वार्ताहर होते, मग शिष्यवृत्तीवर ब्रिटनला एक वर्षाचं एमए केलं, परत आले आणि आता विदर्भातूनच लिहिते. दर हंगामात आपल्याकडच्या दहा-बारा मुलामुलींचे अर्ज माझ्या नजरेखालून जातात. जे सांगते आहे ते त्यातून आलेलं आहे.

आधी पैशाचं बोलू. ३० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता ४०,५०० रुपयांच्या आसपास बसतो. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. नागपुरात मराठी दैनिकाच्या डेस्कवर नव्यानं लागलेल्या पोराच्या हातात बहुतेक ठिकाणी एवढा पगारही पडत नाही, मग हप्ता कुठून भरशील? "तिकडेच नोकरी करीन" हे उत्तर तयार असतं. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी जुलै २०२५पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना त्यात काही सवलत मिळते, तरी तिथल्या गावच्या पेपरात लागलेल्या नव्या बातमीदाराचा पगार याच्या बराच खाली असतो. संगणक शिकायला गेलेल्या मुलाचं गणित वेगळं असतं. पत्रकारितेचं शिक्षण कर्जावर घ्यायचं नाही, हे माझं ठाम मत आहे आणि आजवर एकाही उदाहरणानं ते बदललेलं नाही.

आता वावराचं. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा तारण म्हणून घेतच नाहीत. मोठ्या रकमेला त्यांना शहरातलं घर, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव हवी असते. गावठाणातलं, फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नोंद असलेलं घर दाखवलं तरी बहुतेक शाखा मान हलवतात. मग हा माणूस चार एकर कुठे ठेवायला सांगतो आहे, ते बाबांना त्याच्या तोंडावर विचारायला सांग. माझ्या ओळखीच्या एका घरात असाच प्रकार झाला. कागद गहाणाचा आहे असं सांगितलं आणि सही घेतली ती खरेदीखतावर. पोरगा परत आला तेव्हा सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलेलं होतं. सावकारी नियमनाच्या २०१४च्या कायद्याखाली अशा जमिनी परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ते प्रकरण अजून सुरू आहे, आणि त्या घरातल्या माऊलीला मी बांधावर उभं राहून स्वतःच्याच पऱ्हाटीकडे, म्हणजे कपाशीकडे, पाहताना पाहिलं आहे. तुझ्या घरात ते मला नको आहे.

कन्सल्टन्सीवाल्यांबद्दल एवढंच समजून घे की त्यांना विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. जे कॉलेज कमिशन देतं तेच ते सुचवतात. जिथे खरी स्पर्धा आहे तिथे महिन्याभरात प्रवेश होत नाही.

आता तुझ्या कात्रणांकडे येते, कारण तुझं तिकीट त्यात आहे.

पहिलं कात्रण जिल्हा परिषद शाळेच्या गळक्या छताचं. ठीक आहे. दुसरं फवारणीचं: "तीन मजुरांना विषबाधा, परिसरात संतापाची लाट". ही बातमी मी तीनदा वाचली. वर संताप, मग लोकप्रतिनिधींची भेट, मग कृषी विभागाला निवेदन, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत एका मजुराचं वाक्य: मालकानं दोन औषधं एकाच पंपात मिसळायला सांगितली होती. अरे, बातमी तीच आहे! आणि ती तू तळाशी लोटलीस. कोणती दोन औषधं? डबडी कुठे गेली? दुकानदारानं पक्की पावती दिली होती का? पऱ्हाटी किती उंच होती, पंप हातचा होता की बॅटरीचा, तोंडाला फडकं तरी होतं का? मजूर किती तासांनी दवाखान्यात पोचले?

हे मी तुला हिणवायला सांगत नाही. मीही असंच लिहायची. ब्रिटनमधल्या पहिल्या महिन्यात आम्हाला एका छोट्या शहराच्या कौन्सिलच्या सभेला पाठवलं. विषय पार्किंगचे दर. मी सवयीनं लिहिलं की नागरिकांमध्ये तीव्र संताप आहे. शिकवणाऱ्या बाईंनी त्या वाक्याभोवती लाल पेनानं गोल काढला आणि विचारलं, "किती नागरिक? तू किती जणांशी बोललीस?" मी दोघांशी बोलले होते. त्या म्हणाल्या, "मग दोन माणसं चिडली आहेत असं लिही. त्यांची नावं लिही, ती कुठे गाडी लावतात ते लिही." चार वर्षांच्या वार्ताहरकीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. डेस्कला बातमी वेळेत हवी असायची, आणि ती मी देत होते. परदेशी शिक्षणानं मला काय दिलं असं कोणी विचारलं की मला तो लाल गोल आठवतो.

यवतमाळच्या पोराला विषय शोधायला बाहेर जावं लागत नाही. २०१७च्या पावसाळ्यात तुझ्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ते प्रकरण पुढे औषध कंपनीचं मुख्यालय असलेल्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत पोचलं, २०२० साली तिथे दाद मागितली गेली. तिकडच्या लोकांना उपयोगी पडले ते इथल्या पोलीस ठाण्यांतले तारखेनिशी नोंदवलेले कागद. इथला एक नीट ठेवलेला कागद किती लांब जातो ते यावरून बघ. तुझ्या तालुक्याशेजारच्या पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात २०१८ साली वाघीण अवनीचं प्रकरण जगभर गाजलं. तिकडे गडचिरोलीत मेंढा लेखा या गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. प्रवेश समितीला "मला पत्रकारितेची लहानपणापासून आवड आहे" असं सांगणारे शेकडो अर्ज येतात. फवारणीच्या तीन हंगामांची वही असणारा अर्ज त्यांना क्वचितच दिसतो.

म्हणून पुढचं एक वर्ष फाईल बांधण्यात घाल. आपल्याकडच्या वार्ताहराची पहिली अडचण म्हणजे बातमी "प्रतिनिधी" म्हणून लागते, नाव नसतं. ई-पेपरचे जुने अंक काही महिन्यांनी सापडत नाहीत. नियुक्तीपत्र तर बहुतेकांना कधी मिळतच नाही, मिळतं ते ओळखपत्र आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या जाहिरातींचं टार्गेट. तेव्हा आजपासून छापून आलेल्या प्रत्येक बातमीचं कात्रण तारीख लिहून जप, पानाची पीडीएफ उतरवून घे, आणि तू पाठवलेला मूळ मजकूर असलेला ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश पुसू नको. वर्षातून एकदा जिल्हा कार्यालयातून लेटरहेडवर पत्र माग: अमुक तारखेपासून काम करतो, आठवड्याला साधारण इतके तास. पत्र देताना लोक कां-कू करतात, पण चार चकरा मारल्या की देतात. या फाईलमधल्या पाचच उत्तम बातम्यांचं इंग्रजी भाषांतर स्वतः कर. पंधरा नको, पाच.

त्या तासांच्या पत्राचं महत्त्व आता सांगते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असते. तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि तो अर्धवेळ, विनामोबदला, वेगवेगळ्या ठिकाणचा मिळून चालतो. तुझी अडीच वर्षांची वार्ताहरकी त्यात बसू शकते, फक्त ती कागदावर हवी. अर्जात तीन कोर्स निवडावे लागतात. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशात राहण्याची अट आहे. ज्याला परत येऊनच लिहायचं आहे त्याला ही अट अडचणीची वाटू नये. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि भरायला पैसे लागत नाहीत. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्याचे राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकून आले. त्यांची एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना अर्जापासून मुलाखतीपर्यंत मदत करते. तुझ्या जिल्ह्यात त्यांचं काम आहे, जाऊन भेट.

दुसरा रस्ता युरोपचा. इरास्मस मुंडस योजनेतला पत्रकारितेचा मास्टर्स दोन वर्षांचा आहे. पहिलं वर्ष डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला, दुसरं वेगळ्या देशात, शिक्षण इंग्रजीतून. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिन्याला १,४०० युरो हातात. स्पर्धा जबरदस्त आहे, पण प्रत्यक्ष बातमीदारी केलेल्या माणसाला तिथे वजन मिळतं. जर्मनीत बॉनला डॉइश वेले अकादमीचाही मास्टर्स आहे, त्यालाही माध्यमातला अनुभव लागतो. मात्र जर्मनीच्या व्हिसाला शिष्यवृत्ती नसेल तर वर्षाचे जवळपास १२ हजार युरो गोठवलेल्या खात्यात आधीच दाखवावे लागतात, हे लक्षात ठेव.

आणि आपल्या सरकारच्या योजना. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, दरवर्षी ७५ जागा. ओबीसी, भटके-विमुक्त, आदिवासी मुलांसाठी त्या-त्या विभागाच्या वेगळ्या योजना आहेत, मराठा मुलांसाठी सारथीची आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीजच्या १२५ जागा आहेत, त्यात अनुसूचित जातींबरोबर विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलंही बसतात. तू कोणत्या प्रवर्गातला हे लिहिलेलं नाहीस, ते कळव. उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटी मध्येच बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या कोणाच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाच. इथे एक खाच आहे, ज्यात चांगली मुलं अडकतात. या योजना विद्यापीठाची क्यूएस ही जागतिक क्रमवारी बघतात, पत्रकारिता विभागाचं नाव बघत नाहीत. लंडनचं सिटी विद्यापीठ, आता सिटी सेंट जॉर्जेस, पत्रकारितेत नावाजलेलं आहे, पण एकूण क्रमवारीत ते पहिल्या २००मध्ये नाही. तिथली ऑफर हातात घेऊन बसलास आणि योजनेत ते विद्यापीठच बसत नसेल तर वर्ष गेलं. आधी योजनेची यादी, मग कोर्स.

कागदपत्रांत नावाची गोष्ट सगळ्यात त्रासाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, टीसीवर स्पेलिंग तिसरंच, आणि वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. पासपोर्ट काढण्याआधी दहावीच्या मार्कशीटबरहुकूम सगळं एकसारखं करून घे, गरज पडली तर राजपत्रात नाव छापून घे. माझ्या नावात एका ठिकाणी डब्ल्यूऐवजी व्ही होता. त्या एका अक्षरापायी सहा आठवडे गेले. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायलाही वेळ धर. माझं पाकीट एका खिडकीवर अडीच महिने पडून होतं, शेवटी मी सकाळच्या एसटीनं जाऊन दिवसभर तिथेच बसले तेव्हा शिक्का पडला. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना कॉलेजचा अधिकृत ईमेल पत्ता आहे का ते आत्ताच विचार. परदेशी विद्यापीठं बऱ्याचदा जीमेलवरून आलेलं पत्र मोजत नाहीत आणि तालुक्याच्या कॉलेजात अनेक प्राध्यापकांकडे दुसरा पत्ताच नसतो.

इंग्रजीची काळजी तू नको तिथे करतो आहेस. बोलताना अडखळणं सहा महिन्यांत जातं. पत्रकारितेच्या कोर्सला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ७ ते ७.५ मागतात, आणि आपली मुलं तिथे लेखनात मार खातात. त्यावर मी स्वतः केलेला उपाय सांगते. रोज आपलीच एक बातमी इंग्रजीत २५० शब्दांत लिहायची, आणि पारीवरची, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावरची, एखादी विदर्भातली गोष्ट आधी मराठीत आणि मग इंग्रजीत शेजारी ठेवून वाचायची. "बोंडअळी", "मजुरीचा भाव", "चुकारा" याला तिकडे काय म्हणतात ते त्यातून कळतं. परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊ नको. आणि आजच सुरू करण्यासारखं काही हवं असेल तर टेक्सास विद्यापीठातल्या नाइट सेंटरचे पत्रकारितेचे ऑनलाइन कोर्स आहेत, त्यातले बरेच फुकट असतात. एक पुरा कर. तिकडची शिकवण्याची रीत तुला झेपते का, हेही कळेल.

तिथलं जेवण, थंडी, एकटेपण यावर जास्त लिहीत नाही. सगळ्यांचं निभतं, तुझंही निभेल. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. म्हणजे फ्रीलान्स बातमी लिहून मानधन घेणं नियमात बसत नाही. पत्रकारितेचे विद्यार्थी नेमके इथेच उत्साहात चुकतात. कॉलेजच्या पेपरात लिही, मानधन घेऊ नको.

तिथे शिकण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं आपल्याकडे आधीच आहे, हे मला परतल्यावर उमगलं. माहितीच्या अधिकाराखाली तिथे उत्तराला २० कामाचे दिवस, इथे ३० दिवस. आपला कायदा २००५चा, त्यांचाही २००५पासूनच अमलात आलेला. तिथला विद्यार्थी पहिल्या सत्रापासून असे अर्ज टाकतो, पाठपुरावा करतो, नकार आला की अपील करतो. मी आर्वीत चार वर्षांत एकही अर्ज टाकला नव्हता. दहा रुपयांचं तिकीट लावून तू तुझ्या पंचायत समितीत उद्या टाकू शकतोस: गेल्या तीन वर्षांत फवारणीचे संरक्षक किट किती आले, कोणाला वाटले, सह्यांची यादी द्या. ते उत्तर, किंवा उत्तर न मिळाल्याचं अपील, तुझ्या फाईलमधलं सगळ्यात वजनदार पान होईल.

परत आल्यावर मराठी पेपर परदेशी पदवी आहे म्हणून जास्त पगार देत नाहीत. मला दिला नाही. पण विदर्भात राहून इंग्रजी आणि परदेशी माध्यमांसाठी शेती, जंगल, हवामान यावर लिहिणारी माणसं कमी आहेत, आणि आलेल्या परदेशी बातमीदाराच्या गाडीत "लोकल मदतनीस" म्हणून बसण्याऐवजी बातमीवर स्वतःचं नाव लावता येतं. माझं घर आज त्यावर चालतं. दोन वर्षं ओढाताण झाली, नंतर बसलं.

शेवटी एक, जे मला फार जवळचं आहे. बाबासाहेबांनी 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२०ला काढला आणि त्याच वर्षी जुलैत अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले. त्यांच्या मागे ते पाक्षिक काही वर्षांतच बंद पडलं. तू वर्षभर गेलास तर तुझ्या तालुक्यातली फवारणी, रेशन, शाळा कोण बघणार? गावात बारावी झालेली, वाचणारी एखादी पोरगी असेल, तिला आत्तापासून सोबत ने. ग्रामसेवक, डॉक्टर, दुकानदार, ठाणे अंमलदार यांचे नंबर आणि तुझी वही तिच्या हाती दे. मी हे केलं नाही, आणि परत आले तेव्हा माझ्या भागातल्या एका धरणग्रस्त वस्तीची वर्षभराची नोंद कोणाकडेच नव्हती. ती मला कधीच भरून काढता आली नाही.

बाबांना सांग, वावर पेरायला ठेवा. आणि ती फवारणीची बातमी दोन औषधांच्या वाक्यानं सुरू करून पुन्हा लिही, "संतापाची लाट" काढून टाक, त्या तीन मजुरांना परत भेट, डबड्यांचा फोटो मिळाला तर जोड आणि मला पाठव. इंग्रजीत कशी न्यायची ते मग आपण मिळून बघू.